तुन्हामा डेअरिंग नही शे, मंदे

भाऊ, तुझ्या तेराव्याच्या जेवणात आचाऱ्यानं वांग्याच्या भाजीत तिखट सढळ हातानं टाकलं होतं. पहिल्या पंगतीतला कुणी तरी नाक पुसत म्हणाला, "काय डेअरिंग शे रे यानी!" पंगत हसली. लगेच जो तो आपल्या पत्रावळीकडे बघायला लागला. हा शब्द तुझा आहे हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी वरणाची बादली घेऊन उभी होते. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्याचा इतका राग आला की बादली तिथंच ठेवून मी मागच्या दारी निघून गेले.

पेपरात तुझा फोटो आला. फोटो लग्नातला, केस नीट बसवलेले. तू जन्मात कधी असे केस बसवले नाहीस. खाली आमची सगळ्यांची नावं 'शोकाकुल' म्हणून. माझं नाव त्यात वाचलं तेव्हा वाटलं, हे खोडून टाकावं. शोक करायचा हक्क मला आहे की नाही, हेच मला अजून कळलेलं नाही. ते तुलाच विचारायचं आहे. पण तू उत्तर देणार नाहीस हे माहीत असल्यामुळे विचारायला सोपं जातंय, म्हणजे इथंही मी पळवाटच शोधली.

तो शब्द तू कुठून उचललास ते मला पक्कं आठवतं. आपण लहान होतो, धुळ्याला देवीची यात्रा भरली होती. तिथं मौत का कुआँ आला होता. फळ्यांच्या विहिरीत मोटारसायकलवाला हात सोडून गरागरा फिरायचा आणि बाहेर लाऊडस्पीकरवाला घसा फोडून ओरडायचा, "देखो, जवान की डेअरिंग देखो!" आबांनी आपल्याला आत जाऊ दिलं नाही. आबा आपले थोरले भाऊ, आपल्याहून पुष्कळ मोठे, वडिलांच्या जागी, त्यांच्यापुढं हट्ट चालत नसे. तू माझा हात धरून बाहेरच उभा राहिलास. मोटारसायकल काही तुला दिसली नाही, शब्द तेवढा घरी आला.

आणि काय सुळसुळाट केलास रे त्याचा! टरबूज न कापता घेतलं की डेअरिंग. तुझ्या सासरी, वहिनीच्या माहेरी, तिसऱ्या पुरणपोळीला नको म्हणायचं, ती डेअरिंग. जळगावच्या मे महिन्यात भर दुपारी टोपीशिवाय बाजारात जाणारा माणूस डेअरिंगबाज. शेजारच्या काकू हळदीच्या रंगाची साडी नेसून हळदीकुंकवाला निघाल्या, तर तू ओट्यावरून ओरडलास, "काकू, आज डेअरिंग केली!" काकू दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलल्या नाहीत, आणि तुला शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांना काय लागलं. तुझ्या मते तू कौतुकच केलं होतंस.

आबा इंग्रजीचे मास्तर. त्यांना हे सहन व्हायचं नाही. "अरे, डेअरिंग म्हणजे जिवावरचं धाडस. टरबुजाला कसली डेअरिंग?" तू म्हणायचास, "आबा, टरबूज फिकं निंघनं आन् मंग बायको काय बोलस, ते तुम्हले काय माहीत!" आबांच्या मिशीखाली हसू यायचं. ते दाबायला ते खाकरायचे आणि पेपर वर धरायचे. तुमच्या दोघांचं तेव्हा असं चालायचं.

माझ्या वाट्याला मात्र एकच वाक्य कायमचं आलं. "तुन्हामा डेअरिंगच नही शे, मंदे." कुलूप लावून पुन्हा ओढून बघणारी मी. रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत नेलं तरी उतरून चालत जाणारी मी. खोटं बोलायची वेळ आली की माझे कान लाल व्हायचे, त्यावर तर तू नकला करायचास. "मंदीले इचारा," असं तू चारचौघांत म्हणायचास, "तिले खोटं बोलता येत नही. तितली डेअरिंगच नही तिन्हामा."

हे वाक्य लक्षात ठेव. मला त्याच्याकडे परत यावं लागणार आहे, आणि यायला नको वाटतंय.

आधी दुसरं सांगते. माझी नोकरी ही तुझी कमाई आहे. डी.एड. झालेली सून घरात पापड लाटत होती. मेहरूणच्या शाळेत जागा निघाली होती, आणि मामंजींना विचारायचं धैर्य माझ्यात नव्हतं, यांच्यात तर त्याहून नव्हतं. त्या उन्हाळ्यात मामंजींच्या विहिरीवरची मोटार जळाली. केळीची बाग पाण्यावाचून उभी, आणि मोटार तुझ्या रिवायंडिंगच्या दुकानात उघडून पडलेली. मामंजी स्वतः येऊन तुझ्या बाकड्यावर बसले. तू तांब्याची तार भरता भरता मान वर न करता म्हणालास, "बाबा, मोटार उद्या पाणी ओढेल. मंदीला सोमवारपासून शाळेत पाठवता ना?" मामंजी तुझ्या हातातल्या तारेकडे बघत राहिले. घरी येऊन ते यांना म्हणाले, "तुझ्या मेहुण्यानं मला बरोबर कात्रीत पकडलं." पण सोमवारी त्यांनीच मला रिक्षात बसवून दिलं.

मी तुला नंतर विचारलं होतं, ते चिडले असते तर? तू म्हणालास, "काय व्हई? जास्तीत जास्त नही म्हनी. मोटार ते मी तरीबी करी देतू." म्हणजे धमकीसुद्धा पोकळ होती. मी तुला लुच्चा म्हणाले. तुला ते फार आवडलं.

आज मी पगाराच्या साडीत शाळेत जाते, मुली मला बाई म्हणतात, वर्गात आवाज चढवता येतो, हे सगळं तुझ्यामुळं. हे तुला कधी म्हणाले नाही. म्हणायची वेळ आली की तू काही तरी वात्रट बोलायचास आणि ते राहून जायचं.

तुझ्या दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांना तू वायर जिवंत आहे की नाही ते हाताची मागची बाजू लावून दाखवायचास. झटका बसला तर हात आखडून मागे येतो, तार मुठीत धरली जात नाही, असं तुझं शास्त्र. मी डोळे मिटून घ्यायची. वहिनी तर दुकानात पायच ठेवत नसे. पण एक गोष्ट मी कबूल करते, की तुझ्या डेअरिंगनं दुकानात कधी कुणाला इजा झाली नाही. झाली ती आबांच्या घरी, आणि तीही शब्दाची.

कानबाईचा तो रविवार. आपल्या घरची कानबाई धुळ्याच्या देवपूरला आबांकडे बसते, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद तिथं जमतात, हे वेगळं सांगायला नको. गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायची, त्याचे रोट करायचे, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. आम्हा सासरी गेलेल्या लेकींना ते चालत नाहीत. आम्ही फक्त भाजायचे. मी चुलीपाशी होते म्हणून मला सगळं नीट दिसलं.

नैवेद्य दाखवायच्या आधी आबांच्या घरातली वीज गेली. सगळ्या गल्लीत दिवे आणि आपल्याच घरी अंधार. रविवार असल्यामुळे वायरमन मिळेना. तू कोपऱ्यातला बांबू उचललास, त्याला वायर बांधलीस आणि बाहेर जाऊन खांबावर आकडा टाकलास. दिवे लागले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "डेअरिंग लागस, डेअरिंग!" आणि त्याच वेळी आबांच्या शाळेचे चेअरमन दर्शनाला दारात आले. त्यांनी वर खांबाकडे बघितलं, मग आबांकडे बघितलं. आबा तोवर मुख्याध्यापक झालेले. त्यांच्या घरी देवी बसलेली, आणि दिवे चोरीच्या विजेवर.

आबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते तुला सगळ्यांसमोर म्हणाले, "ही डेअरिंग नाही, चोरी आहे. तुझी डेअरिंग तुझ्या घरी दाखव, इथं नाही." तू सरळ बाहेर गेलास. बांबू घेतलास आणि आकडा खाली ओढलास. घरात पुन्हा अंधार झाला. देवीसमोरच्या समया तेवढ्या राहिल्या. चपला घातल्यास आणि निघालास. आईच्या वयाच्या काकी मागे धावल्या, "अरे, रोट न खाता जाऊ नको, देवीना कोप व्हई." तू वळून बघितलं नाहीस.

चूक दोघांची होती. तुला चेअरमन दिसले नाहीत आणि आबांना तू दिसला नाहीस. पण तेव्हापासून तू देवपूरला पाय टाकला नाहीस. जळगाव-धुळे काय लांब आहे? सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचावं. तुम्ही दोघं माझ्याकडून एकमेकांची खबर घ्यायचात आणि घेतली असं दाखवायचा नाहीत. आबा विचारायचे, "त्याची ती राजदूत फटफटी अजून चालते का?" तू विचारायचास, "मास्तरना गुडघा कसा शे?" मी दोघांची उत्तरं इकडून तिकडे पोचवत राहिले. मला त्यात थोडा मोठेपणाही वाटायचा, हे आता कळतंय. दोन भावांमधली तार मी होते ना.

आबा दरवर्षी गहू मोजताना तुझ्या नावाची सव्वा मूठ घेत राहिले. हे मला वहिनींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं सांगितलं. मी ते तुला एकदा चिडवायला म्हणून सांगितलं, "तिकडे तुझे रोट दुसरेच कुणी खातात." तू कॉइलला वॉर्निश लावत होतास. हात थांबला. मग तू नुसतं "हं" म्हणालास आणि बराच वेळ त्याच जागी ब्रश फिरवत राहिलास.

या वर्षी संक्रांतीनंतर तुझं पोट दुखायला लागलं. तू ओवा खाल्लास, सोडा प्यायलास, पोटावर हात ठेवून हसलास. होळीनंतर डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मी जबरदस्तीनं तुला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, तुला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. गाठ आहे, पसरली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं ते हळू आवाजात म्हणाले. "पेशंटला सांगायचं की नाही ते तुम्ही घरचे ठरवा." घरचे म्हणजे मीच होते. बाहेर आले तर तू बाकावर शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होतास की इंजेक्शन डेअरिंगनं घेतलं तर दुखत नाही.

मी तुला अल्सर सांगितला. औषधं घे, तिखट बंद, बरा होशील. माझे कान लाल झाले असतील. बाहेर ऊन होतं, म्हणून तुला कळलं नसेल.

वहिनीला सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "ताई, त्यांना नका सांगू. त्यांना कळलं तर ते लगेच खचतील." सगळ्या घरांत असंच म्हणतात, आपल्याकडे असंच करतात. मावशीचं असंच केलं होतं, मामंजींचं असंच केलं होतं. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव खरवडून टाकायचं, एक्सरेचा लिफाफा दुसऱ्याच्या घरी ठेवायचा, पेशंटसमोर लग्नाच्या आणि घराच्या रंगाच्या गोष्टी काढायच्या. तुझा लिफाफा माझ्या कपाटात साड्यांखाली होता. आम्ही बायका या कामात तरबेज आहोत.

पण भाऊ, तू खचणारा होतास का? आयुष्यभर मला ज्याचं नसणं दाखवत होतास, ते तुझ्यात होतं ना? तुला एकदा तरी विचारायला हवं होतं. मी म्हणत राहिले, तुला जपतेय. खोटं. मी मला जपत होते. तुला सांगितल्यावर तुझा चेहरा कसा होईल, तो बघायची ताकद माझ्यात नव्हती. तेवढंच होतं. त्याला मी प्रेम म्हटलं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

आणि तू विचारलंस. जूनमधली दुपार, दुकानात मोटारींचा ढीग, तू बाकड्यावर आडवा. गिऱ्हाईक गेल्यावर तू उठून बसलास. "खरं सांग, मंदे. मन्हा पोटमा काय शे?"

मी म्हणाले, "अल्सर. सांगितलं ना."

तू माझ्याकडे बघितलंस. मी पाण्याचा तांब्या उचलला, झाकण काढलं, परत लावलं. मग तू हसलास. "मंग ठीक शे. तू खोटं बोलाव नही." आणि पोऱ्याला हाक मारून पावसाळ्यानंतरच्या हंगामाची तार मागवायला सांगितलीस.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास तो माझ्या भित्रेपणावर ठेवलास. हेच ते वाक्य. मला खोटं बोलता येत नाही, असं तूच गावभर सांगत होतास. मी आयुष्यात एकदाच डेअरिंग केली, भाऊ, आणि ती तुझ्याशी केली.

आबांना कुणाकडून तरी कळलं की तू आजारी आहेस. त्यांनी शाळेतून माझ्या शाळेत फोन केला. "येऊ का गं? इतक्या वर्षांनी जाऊन उभा राहीन. त्याला आवडेल का?" आबांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी काय म्हणावं? "साधा अल्सर आहे आबा. तुम्ही अचानक आलात तर त्याला वाटेल, काही तरी मोठं झालंय. जरा थांबा." आबा "बरं" म्हणाले. त्यांनाही मी खरं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते तसेच निघाले असते, आणि आबा तुझ्या दारात रडत उभे राहिले असते तर तुला सगळं समजलं असतं. एक खोटं सांभाळायला मी दुसरं बोलले आणि फोन ठेवून वर्गात जाऊन पाढे घेतले.

मग श्रावण आला. कानबाईचा रविवार. मी सकाळी तुझ्यासाठी दुधीचं सूप घेऊन आले. तू ओट्यावर बसला होतास. दाढी केलेली. पांढरा शर्ट, वहिनीनं इस्त्री करून दिलेला, कॉलर मानेभोवती सैल झालेली. पायात बूट. वाकायला त्रास व्हायचा तरी नाड्या तूच बांधल्या होत्यास, एक सैल, एक घट्ट.

"मी देवपूरले जाई ऱ्हायनू," तू म्हणालास.

"कशाला?"

"आज कानबाई शे ना. आबाना पाया पडसू, एक घास रोट खासू, सांजले परत येसू."

"आणि आबा बोलले तर?"

"बोलतीन ते बोलतीन. मोठा भाऊ शे." मग तू बुटांकडे बघत म्हणालास, "इतला दिन डेअरिंग नही व्हयनी, मंदे. आज व्हयनी शे."

वहिनी दारात होती. ती म्हणाली, "जाऊ द्या ना ताई. एका दिवसाचं तर आहे." म्हणजे तिनं तुला जाऊ द्यायचं ठरवलं होतं. मला मात्र देवपूरचं ते घर दिसत होतं. सगळे भाऊबंद जमलेले. तू पिवळे डोळे आणि सैल शर्ट घेऊन दारात जाणार. काकी तोंडाला पदर लावणार. कुणी तरी रडणार, आबा मला बाजूला घेणार, आणि मग तुला कळणार. देवीसमोर, सगळ्यांसमोर कळणार.

मी म्हणाले, "डॉक्टरांनी जड खायला बंदी केलीय. रोट पचणार नाहीत तुला. रस्त्यावर खड्डे किती आहेत. पुढच्या वर्षी जा ना. पुढच्या वर्षी तू बरा होशील, आपण सगळेच जाऊ."

हे मी हसत म्हणाले. हातात सुपाचा डबा धरून हसत म्हणाले.

तू म्हणालास, "तू म्हनस ते ठीक. मंग पुढला वरीस." आणि वाकून नाड्या सोडायला लागलास. मी मदत करायला पुढं झाले तर तू हात हलवून नको म्हणालास. बूट काढून त्यांचं तोंड भिंतीकडे करून ठेवलेस आणि सूप प्यायलास. सगळं प्यायलास.

लोक मला समजावतात. वहिनीसुद्धा म्हणते, "ताई, त्यांना सगळं कळलं असेल, आजारी माणसाला कळतं." मला हे समाधान नको आहे. तुला कळलं असतं तर तू माझं ऐकून बूट काढले नसतेस. पुढचं वर्ष आहे असं तुला वाटलं म्हणून काढलेस. ते वर्ष मी तुला दाखवलं होतं.

दसऱ्याआधी तू गेलास. आबा आले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. ते तुझ्या पायाशी बसले आणि कुणी उठवलं तरी उठेनात.

दहाव्याला क्रिया आटोपल्यावर पुरुष मंडळी झाडाखाली बसली होती. मी चहाचे कप देत होते. आबा कुणाला तरी म्हणाले, "माझं चुकलं होतं. पण शेवटपर्यंत पाय टाकला नाही त्यानं माझ्या घरात. एका शब्दाचा राग माणसानं किती धरावा?" भाऊबंदांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, हट्टीच होता. दुसरा म्हणाला, स्वभावाला औषध नाही. भाऊ, मी तिथं उभी होते. तुझ्याबद्दल हे बोललं जात होतं आणि मी विचारलं, "आबा, साखर आणखी टाकू का?"

त्यानंतर मला झोप म्हणून नाही. तेरावं होऊन पाहुणे पांगल्यावर मी सकाळची एसटी धरली आणि देवपूरला गेले. आबा खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर, न उघडलेला. मी समोर बसले. वाक्य गाडीत घोकून ठेवलं होतं.

"आबा, भाऊनं राग धरला नव्हता. श्रावणात कानबाईच्या रविवारी तो तुमच्याकडे यायला निघाला होता."

आबांनी चष्मा काढला. "निघाला होता म्हणजे?"

"तयार होऊन बसला होता."

"कपडे घातले होते?"

"हो. पांढरा शर्ट. वहिनीनं इस्त्री करून दिला होता."

"आणि पायात?"

"बूट."

आबांनी आत हाक मारली. "अगं, ऐकलंस का? तो निघाला होता. बूट घालून बसला होता!" मोठ्या वहिनी ओल्या हातानं बाहेर आल्या. मी म्हणाले, "पण आबा, मीच त्याला..." त्यांनी हात वर केला, वर्गात मुलांना थांबवतात तसा. "थांब. पहिल्यापासून सांग. हिला ऐकू दे."

मी पहिल्यापासून सांगितलं. दाढी, शर्ट, सैल कॉलर, पाया पडसू, रोट खासू. मोठा भाऊ शे, हे सांगितलं तेव्हा आबा तोंडावर उपरणं घेऊन रडले. मी पुन्हा म्हणाले, "मग मी त्याला म्हणाले, आबा..." पुन्हा हात वर झाला. "नाड्या त्यानं स्वतः बांधल्या?"

"स्वतः."

"वाकून?"

"हो, आबा."

त्यापुढचं त्यांनी ऐकून घेतलं नाही. जेवताना मी पुन्हा विषय काढला, तर ते म्हणाले, "तब्येतीनं दगा दिला त्याला. नाही तर आलाच होता." कळलं असेल त्यांना. अर्ध्या वाक्यावरून मुलांचा खोटेपणा ओळखणारा माणूस तो. धाकटा भाऊ गेला, आता बहीण तरी राहावी, म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं असेल. मला सोडायला ते गुडघा ओढत स्टँडपर्यंत आले. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमचा धाकटा श्रावणात यायला निघाला होता बरं का. तयार होऊन बसला होता."

आता भाऊबंदांत सगळ्यांना हे माहीत झालंय. हट्टी होता असं कुणी म्हणत नाही. तुझ्यावरचा बोल गेला, आणि माझ्यावर कुणी ठेवलाच नाही. सगळे म्हणतात, मंदानं भावाचं फार केलं. वहिनी म्हणते, आबा म्हणतात, शाळेतल्या बाया म्हणतात. कुणी एकानं जरी मला खडसावलं असतं तरी मी तुला हे लिहीत बसले नसते. ज्याला ऐकवायचं त्यानं हात वर केला, म्हणून तुझ्याकडे आले. तू मला मध्येच थांबवू शकत नाहीस.

तू बूट घालून बसला होतास, भाऊ. आणि मी तुला जाऊ दिलं नाही.